फॅमिली फोटोसाठी कॅमेरा आणि लेन्स घेताय? आधी खोली मोजा

फॅमिली फोटोसाठी कॅमेरा कुठला घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते, फोटो काढताना तुम्हाला मागे किती सरकता येतं? लोकांना वाटतं मी विषय टाळतेय, पण खरंच सगळं तिथूनच सुरू होतं. खोली किती लांब आहे त्यावरून कुठली लेन्स चालेल ते ठरतं, लेन्सवरून कुठला सेन्सर (कॅमेऱ्याच्या आतला, फोटो टिपणारा भाग) सोयीचा पडेल ते ठरतं आणि बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा, नंबर शेवटी. बहुतेक जण बरोबर उलट करतात, आधी कितीतरी दिवस कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघतात, बजेटचा मोठा हिस्सा बॉडीत घालतात आणि उरलेल्या पैशात जी लेन्स बसेल ती घेतात, मग फोटोत आजोबांचा खांदा फ्रेमच्या बाहेर नाहीतर मागची अख्खी रांग ब्लर.

तर मोजपट्टी घ्या. ज्या खोलीत सगळे जमतात ती भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. समजा चार मीटर आली. आता माणसांना मागच्या भिंतीला चिकटवून उभं करायचं नाही, कारण सावली भिंतीवर पडते आणि फोटो सपाट दिसतो, म्हणून तिथे निदान पाऊण-एक मीटर सोडा. तुम्ही स्वतः समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तरी हातात उरतात साधारण तीन मीटर. हा आकडा लिहून ठेवा.

आता हिशोब अगदी सोपा आहे. अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंथने (लेन्सवरचा एमएमचा आकडा, तो लहान तेवढी लेन्स वाइड, म्हणजे जास्त रुंदी मावते) भागा, फ्रेममध्ये आडवं किती मावेल ते कळतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर साधारण २३.५ मिमी, कॅननचा क्रॉप अजून थोडा कमी म्हणजे २२.३ च्या आसपास, आणि मायक्रो फोर थर्ड्स (ऑलिंपससारख्या कॅमेऱ्यांचा अजून लहान सेन्सर) १७.३. म्हणजे तीन मीटरवरून फुल फ्रेमवर ५० एमएम लावली तर २.१६ मीटर मावतात, एका माणसाला अर्धा मीटर धरला तर चार जण, तेही काठाला टेकून. तीच ५० एमएम क्रॉप कॅमेऱ्यावर लावली तर मावतात फक्त १.४ मीटर, म्हणजे दोन माणसं आणि मध्ये एखादं लहान मूल. बस.

आता बघा, पहिली लेन्स म्हणून सगळे जण "५० एमएम एफ १.८ घे" असं सांगतात (एफच्या आकड्याबद्दल पुढे सांगते), आणि बहुतेकांचा पहिला कॅमेरा क्रॉप सेन्सरचा असतो. लेन्स चांगली आहे, हलकी आहे, शार्प आहे, एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटला तर सुंदरच. पण क्रॉपवर ती ७५ एमएमसारखी वागते (कॅननवर ८०) आणि घरात सहा माणसं तिच्यात मावत नाहीत म्हणजे नाहीत, कितीही भिंतीला टेका. घरातल्या ग्रुपसाठी क्रॉपवर २३ किंवा २४ एमएमच्या आसपासची लेन्स लागते, फुल फ्रेमवर ३५. त्याच तीन मीटरवरून या दोन्हीत साधारण तीन मीटर रुंदी मावते, म्हणजे पाच-सहा माणसं एका रांगेत, आणि दोन रांगा केल्या तर दहा जणसुद्धा बसतात.

मग कोणी म्हणेल अजून वाइड घेऊया ना, १६ घेऊ, १८ घेऊ, सगळेच मावतील. मावतील हो, पण चेहरे बिघडतील. याच्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात म्हणून नीट सांगते.

पहिली गोष्ट अंतराची. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंमी धरा. तुम्ही ४० सेंमीवरून फोटो काढलात तर नाक ४० वर आणि कान ५२ वर, म्हणजे कानाच्या मानाने नाक ३० टक्के मोठं दिसणार. दोन मीटरवरून काढलात तर हाच फरक फक्त ६ टक्के. नाक मोठं होण्यात लेन्सचा दोष नाही, जवळ जाण्याचा आहे, पण वाइड लेन्स लावली की चेहरा फ्रेमभर यावा म्हणून माणूस आपोआप जवळ जातो आणि मग लेन्सला नावं ठेवतो. फोनच्या सेल्फीत चेहरा वेगळा का दिसतो त्याचंही कारण हेच. म्हणून चेहऱ्याचा फोटो असेल तर दीड मीटरच्या आत जायचं नाही, दोन मीटर उत्तम, आणि दोन मीटरवरून चेहरा-खांदे नीट भरायचे तर फुल फ्रेमवर ८५ आणि क्रॉपवर ५० ते ५६ लागते. पोर्ट्रेट म्हटलं की हे आकडे कुठून येतात ते एवढंच आहे.

दुसरी गोष्ट काठाची. वाइड लेन्समध्ये मधली माणसं ठीक दिसतात पण काठाला उभी असलेली आडवी ताणली जातात, डोकं अंड्यासारखं, दंड जाड. लेन्स महाग घेतली म्हणून हे जात नाही कारण हा लेन्सचा डिफेक्टच नाहीये, सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर काठाला असं ताणलं जाणारच. फुल फ्रेमवर ३५ पर्यंत हे सहज खपतं, २८ वर जाणवायला लागतं, २४ वर काठाची जागा मोकळी सोडायची आणि सगळ्यांना मधल्या दोन तृतीयांशात घ्यायचं. म्हणजे वाइड घेऊन जास्त माणसं मावली असं वाटतं आणि मग काठ रिकामा सोडावा लागतो, फायदा निम्मा तिथेच गेला. खूपच छोटी खोली असेल तर लेन्स बदलण्यापेक्षा माणसं बदलून बसवा, काही जण खुर्चीवर, काही मागे उभे, मुलं खाली पुढे. नाहीतर सरळ बाहेर चला.

बाहेर मोकळ्या जागेत सगळा हिशोब उलटा होतो, तिथे मागे जायला जागा आहे म्हणून लांब लेन्सची मजा. सहा माणसांची रांग, दोन्हीकडे थोडी मोकळी जागा, म्हणजे चार मीटर रुंदी धरा. फुल फ्रेमवर ३५ ने चार मीटरवर उभं राहावं लागेल, ५० ने साडेपाच, ८५ ने साडेनऊ मीटर. साडेनऊ मीटरवरून बोललेलं लहान मुलांना ऐकू येत नाही, ती तुमच्याकडे बघतही नाहीत, म्हणून ग्रुपसाठी बाहेर माझं मत ५० ला, आणि ८५ एकेकट्याला किंवा जोडीला. ७०-२०० झूम फार छान असते पण जड असते, आणि घरच्या माणसांचे फोटो काढायला जो कॅमेरा जड म्हणून कपाटातच राहतो तो काय कामाचा.

आता अ‍ॅपर्चर. इथे सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात असं मला मनापासून वाटतं.

एफचा आकडा म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक केवढं आहे ते, आकडा लहान तेवढं भोक मोठं. एफ १.८, एफ १.४, एफ १.२ हे आकडे बघून लोक बॅकग्राउंड ब्लरसाठी लेन्स घेतात. पण मोठ्या अ‍ॅपर्चरची पोर्ट्रेट लेन्स मुळात ब्लरसाठी आलीच नव्हती. १८४० मध्ये व्हिएन्नात जोसेफ पेट्झवाल यांनी साधारण एफ ३.६ ची पोर्ट्रेट लेन्स डिझाइन केली, कारण त्याआधीच्या लेन्स इतक्या स्लो होत्या की समोरच्या माणसाला कितीतरी मिनिटं न हलता बसावं लागायचं. प्रकाश जास्त आला की वेळ कमी लागतो, मुद्दा तो होता. फॅमिली फोटोत मोठ्या अ‍ॅपर्चरकडे आजही याच नजरेने बघा, संध्याकाळी लाइट गेला की उपयोगी पडणारी शिल्लक म्हणून.

कारण डेप्थ ऑफ फील्डचे, म्हणजे पुढून मागे किती भाग शार्प येतो त्याचे, आकडे बघा. फुल फ्रेमवर ८५ एमएम, एफ १.८, दोन मीटर अंतर, शार्प भाग येतो साधारण ६ सेंमी. पापणी शार्प आणि कान ब्लर. एकट्या माणसाच्या फोटोत हे छान दिसतं, मान्य. पण आईच्या कडेवर बाळ असेल तर दोघांच्या डोळ्यांत सहज १५ सेंमीचा फरक असतो, म्हणजे एकतर आई शार्प नाहीतर बाळ. एफ ४ केलं की हेच १३ सेंमी होतं, अजूनही कमीच. पण एफ ४ ठेवून तुम्ही नुसतं एक मीटर मागे सरकलात, दोनऐवजी तीन मीटरवर गेलात, तर एकदम ३० सेंमी मिळतं, कारण अंतर दीडपट झालं की डेप्थ जवळजवळ सव्वादोनपट होते. मागे सरकणं फुकट आहे! नंतर फोटोच्या कडा थोड्या कापाव्या लागल्या तर कापा, २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी जागा असते.

आणि ३५ एमएम चार मीटरवर, एफ ४ ला, साधारण २.९ मीटरपासून साडेसहा मीटरपर्यंत सगळं शार्प. म्हणजे दोन रांगांचा ग्रुप त्यात आरामात येतो. हे आकडे नेहमीच्या आकाराच्या प्रिंटसाठी धरलेले आहेत, मोठी फ्रेम करून भिंतीवर लावणार असाल तर एक स्टॉप (प्रकाश निम्मा करणारी एक पायरी) अजून बंद करा, एफ ५.६ वर जा. थोडक्यात ग्रुप फोटो एफ ४ ते एफ ८ मध्येच निघणार आहेत, मग एफ १.२ साठी दुपटी-तिपटीने पैसे कशाला? एफ १.८ किंवा एफ २ च्या लेन्स पुरतात, हलक्या असतात, आणि एफ ४ ला बंद केल्यावर महाग लेन्सशी त्यांचा फरक शोधावा लागतो. ब्लर हवाच असेल तर माणसांना बॅकग्राउंडपासून लांब आणा, झाडं मागे पाच-सहा मीटरवर असतील तर एफ ४ लाही छान विरघळतात, भिंत पाठीला टेकलेली असेल तर एफ १.४ सुद्धा काही करू शकत नाही.

बरं मग घ्यायची कुठली? माझी शिफारस सांगते. क्रॉप कॅमेरा आणि एकच लेन्स घ्यायची असेल तर सिग्माची १८-५० एफ २.८, सोनी, फुजी आणि आता कॅननच्या मिररलेसलाही (आत आरसा नसलेले कॅमेरे) मिळते, फुल फ्रेमच्या हिशोबाने २७ ते ७५, म्हणजे घरातला ग्रुपही आणि एकट्याचं पोर्ट्रेटही. फुल फ्रेमवर तेच काम टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ करते, सोनीला आहे, निकॉननेही त्याच रेंजची स्वतःची काढलीये, आणि कॅननला २४-१०५ एफ ४ घरगुती वापराला चांगली पडते. प्राइमची, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सची, आवड असेल तर फुल फ्रेमवर ३५ आणि ८५ ची जोडी घ्या, एकट्या ५० मध्ये अडकू नका, दोघींच्या मधलं अंतर पायाने भरून निघतं. कॅननच्या आरएफ, म्हणजे मिररलेसच्या, मालिकेची ३५ एफ १.८ मला विशेष आवडते कारण ती सेन्सरपासून अगदी १७ सेंमीपर्यंत फोकस करते, नवजात बाळाची बोटं, पावलं सगळं तिच्यातच निघतं. याच्या उलट सोनी आणि निकॉन झेडच्या ८५ एफ १.८ लेन्स ८० सेंमीच्या आत फोकसच करत नाहीत, म्हणजे बाळ मांडीवर असेल तर लेन्स नुसती पुढेमागे फिरत बसते. कॅननच्या ८५ एफ २ चं उलटं, जवळ छान जाते पण फोकसला जरा सावकाश, पळणाऱ्या मुलांना ती घेऊ नका. फुजीवाल्यांना २३ एफ २ आणि ५० एफ २, दोन्ही छोट्याशा आहेत. मायक्रो फोर थर्ड्सला ऑलिंपसची ४५ एफ १.८, फार हलकी आणि पोर्ट्रेटला गोड, घरातल्या ग्रुपसाठी सोबत १७ एफ १.८.

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) आधीच असेल तर ती टाकून देऊ नका प्लीज. १८-५५ किट झूम दिवसा बाहेर एफ ५.६ ते ८ ला ग्रुपसाठी उत्तम काम करते, आणि नवीन लेन्स निवडायला तर तिच्यासारखं काहीच नाही. झूम रिंगला कागदाची चिकटपट्टी लावून २३-२४ वर फिक्स करा, एक पूर्ण आठवडा त्याच्यावर फोटो काढा, मग ३५ वर, मग ५० वर. कुठल्या आकड्यावर तुम्हाला सारखं भिंतीवर आपटायला होतंय आणि कुठल्यावर हात आपोआप बसतोय ते स्वतःच कळतं. आधी काढलेले फोटो असतील तर त्यांची फोकल लेंथ फाइलमध्ये लिहिलेली असते, आवडते शंभर फोटो निवडा आणि कुठला आकडा जास्त वेळा येतोय तो बघा. दुसऱ्या कोणाच्या सल्ल्यापेक्षा, माझ्याही, हा पुरावा जास्त भरवशाचा.

आता बॉडी

बॉडीकडून फॅमिली फोटोसाठी मला एकच गोष्ट ठामपणे हवी असते ती म्हणजे डोळ्यावर फोकस धरून ठेवणं. मुलं थांबत नाहीत. तुम्ही फोकस पॉइंट नेऊन ठेवेपर्यंत मूल फ्रेममधून गेलेलं असतं. मिररलेसमध्ये आय ऑटोफोकस जवळजवळ पूर्ण फ्रेमभर चालतो, चेहरा कोपऱ्यात असला तरी. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) व्ह्यूफाइंडरने बघताना फोकस पॉइंट बहुतेक मध्यभागी गोळा झालेले असतात, मग मधल्या पॉइंटने फोकस करून फ्रेम हलवावी लागते, आणि फ्रेम हलवली की फोकसची पातळी थोडी सरकते, एफ १.८ ला तेवढं सरकणं पुरतं डोळा सॉफ्ट व्हायला. शिवाय डीएसएलआरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर होत असल्यामुळे एखादी लेन्स सतत थोडी पुढे किंवा थोडी मागे फोकस करते असाही प्रकार असतो, मिररलेस फोकससाठी मुख्य सेन्सरच वापरतो म्हणून तो त्रास निघूनच जातो. म्हणून आज नवीन घेणाऱ्याने मिररलेस घ्यावा, जुना का असेना. घरात चालू डीएसएलआर असेल तर मात्र घाई करू नका, एफ ४-५.६ च्या ग्रुप फोटोला तो आजही पुरेसा आहे.

सेकंडहँडमध्ये सोनीचा ए७ थ्री २०१८ चा आहे, आय ऑटोफोकस आजही चांगला आणि लेन्सचा पर्याय प्रचंड. निकॉन झेड ५ आणि कॅनन आर ६ दोन्ही २०२० चे, दोन्हीत दोन कार्ड लावता येतात, आर ६ चा ऑटोफोकस जास्त चपळ पण मेगापिक्सेल २०. कॅननचा आरपी २०१९ चा, हलका, फुल फ्रेममध्ये शिरायला सोपा, बॅटरी मात्र लवकर संपते, जादा ठेवा. क्रॉपमध्ये सोनी ए६४०० (२०१९) आणि फुजी एक्स-एस१० (२०२०).

मेगापिक्सेलमागे धावू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २० बाय १३ इंचाची प्रिंट थेट निघते, एवढी मोठी फ्रेम घरात कितीशी लागते.

फुल फ्रेम की क्रॉप यावर लोक भांडतात. फरक खरा आहे पण तो साधारण एका स्टॉपचा, म्हणजे क्रॉपवर आयएसओ (प्रकाशाची संवेदना किती वाढवलीये तो आकडा) ३२०० ला जेवढा नॉइज (फोटोतले दाणे) दिसेल तेवढा फुल फ्रेमवर ६४०० ला, थोडा जास्तच. मायक्रो फोर थर्ड्स दोन स्टॉप मागे. तुमचे बहुतेक फोटो दिवसा खिडकीजवळ किंवा बाहेर निघणार असतील तर हा फरक दिसणारही नाही, आणि रात्री घरात काढणार असाल तर एका स्टॉपने भागत नाही, कसं ते बघा. घरातल्या साध्या दिव्यांत एफ २.८ आणि शटर स्पीड १/१२५ सेकंद ठेवलं की आयएसओ १६०० ते ३२०० लागतो. ग्रुपसाठी एफ ५.६ केलं की तोच ६४०० ते १२८०० वर जातो. आणि मुलं हलतात म्हणून १/२५० केलं की अजून दुप्पट. इथे बॉडी बदलून मिळणारा एक स्टॉप काय करणार? इथे फ्लॅश लागतो. वर फिरणारं डोकं असलेला बाहेरून लावायचा फ्लॅश, तो छताकडे थोडा मागच्या बाजूला वळवायचा, छत पांढरं असेल तर अख्ख्या खोलीत मऊ उजेड पडतो आणि आयएसओ ४००-८०० वर एफ ५.६ निघतो. छत रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो, मग पांढरी भिंत किंवा पांढरी चादर शोधा. बजेटमध्ये बॉडी एक पायरी खाली आणि फ्लॅश आत, अशी अदलाबदल मी कोणालाही डोळे मिटून सुचवेन.

फ्लॅश लावला की शटर स्पीडला मर्यादा येते, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या वर साधा फ्लॅश चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा. आणि सायलेंट शटर बंद करा, इलेक्ट्रॉनिक शटरवर बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटतच नाही आणि एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात.

स्टॅबिलायझेशनबद्दल एक गैरसमज काढून टाका, ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्याची हालचाल नाही. १/१५ ला भिंत शार्प येईल आणि मूल पुसलेलं. शांत बसलेल्या माणसांना १/१२५, ग्रुपला १/२००, पळणाऱ्या मुलांना १/५०० आणि वर. ऑटो आयएसओ चालू करून त्यात कमीत कमी शटर स्पीड लावून ठेवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती एकदा सेट करा म्हणजे ऐनवेळी विचार करावा लागत नाही. थोडा नॉइज असलेला शार्प फोटो नंतर सुधारता येतो, हललेला फोटो नाही.

सेकंडहँड घेताना

लेन्स बिनधास्त सेकंडहँड घ्या, फक्त नीट बघून. मागून मोबाइलचा टॉर्च लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि तिरकं बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर फंगस आहे, ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी सोडा. धुळीचे दोन-चार कण चालतात. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको. कॅमेऱ्यावर एफ १६ ला कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा आउट ऑफ फोकस फोटो काढा, सेन्सरवरचे डाग काळ्या ठिपक्यांसारखे दिसतील, धूळ असेल तर साफ होते, ओरखडा असेल तर नाही. माउंट (लेन्स बसते ती कडी) हलतोय का, सगळी बटणं चालतात का, कार्डचा खाना नीट बसतो का, हे तिथेच तपासा. शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झालेत) विचारा, साध्या बॉडीचं शटर बहुतेक लाखभर क्लिकसाठी रेट केलेलं असतं, वरच्या बॉडीचं दोन लाख किंवा त्याहूनही जास्त.

जुन्या लेन्स अ‍ॅडॅप्टरवर वापरणार असाल तर कॅननवाले नशीबवान, १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर अ‍ॅडॅप्टरने ऑटोफोकससकट चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र सावध राहा, जुन्या लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स त्यावर हाताने फोकस कराव्या लागतात, एएफ-एस लेन्स ठीक चालतात. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या डीएसएलआरमध्येही ती मोटर नाही. ८५ एफ १.८ डी स्वस्तात दिसली म्हणून उडी मारायच्या आधी एवढं बघा.

फोनबद्दल विचारतात म्हणून सांगते. मुख्य कॅमेरा बहुतेक फोनमध्ये फुल फ्रेमच्या हिशोबाने २४ ते २६ एमएमचा असतो, म्हणजे वर सांगितलेली काठाची आणि जवळ जाण्याची दोन्ही दुखणी त्यात आहेत. २ एक्स किंवा ३ एक्स करा आणि दोन मीटर मागे जा, चेहरा लगेच माणसात येतो. पोर्ट्रेट मोडचा ब्लर बऱ्यापैकी असतो पण विस्कटलेले केस, चष्म्याच्या काड्या, बाळाची बोटं इथे तो चुकतो, प्रिंट काढायच्या आधी झूम करून बघा.

ग्रुप फोटो काढताना कॅमेरा कसा वापरायचा

आय ऑटोफोकस ग्रुपमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात जवळचा किंवा मधला चेहरा पकडतो, तुम्हाला हवा तोच असेल असं नाही. स्क्रीनवर बोट लावून पुढच्या रांगेतला एक चेहरा निवडा, कारण डेप्थ पुढे कमी आणि मागे जास्त पसरते, पुढच्या रांगेवर फोकस ठेवला की मागची रांग त्यात येते. दोन रांगांमधलं अंतरही कमी करा, मागच्यांना थोडं पुढे झुकायला सांगा, एफ ५.६ चं काम एफ ४ वर होऊन जातं. उभ्या माणसांसाठी कॅमेरा छातीच्या उंचीवर, बसलेल्या मुलांसाठी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे गुडघे टेकायचे. चष्मेवाल्यांच्या काचेत फ्लॅश किंवा खिडकी चमकत असेल तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा.

आणि एका फोटोवर थांबू नका. ग्रुपमध्ये कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असणारच, यावर ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी रीतसर गणित केलंय, त्याला २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. त्यांचा नियम सोपा आहे, वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला चांगल्या उजेडात तीनने भागा आणि कमी उजेडात दोनने, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळायची शक्यता चांगली. बारा माणसं, बाहेर ऊन, चार फोटो. संध्याकाळी घरात, सहा. मुलं असतील तर मी त्याच्या दुप्पट काढते, कारण मुलांचा प्रश्न फक्त पापण्यांचा नसतो.

आता राहिला तो फोटो काढणारा. घरात जो कॅमेरा धरतो तो वर्षानुवर्षं एकाही फोटोत नसतो, हे मला खरंच खटकतं, म्हणून यादीत ट्रायपॉड पहिल्या दिवसापासून ठेवा. फार भारी नको, पण बॉडी आणि लेन्सचं मिळून जे वजन होईल त्याच्या दुप्पट तरी पेलणारा हवा आणि मधला दांडा वर न काढता तुमच्या छातीपर्यंत यायला हवा. कॅमेरा घेताना त्याच्या फोन अ‍ॅपमधून क्लिक करता येतं का ते बघा, आणि इंटरव्हल शूटिंग असेल तर फारच उत्तम, दर तीन सेकंदांनी एक असे वीस फोटो लावून सरळ सगळ्यांत जाऊन बसा. तुमच्या जागेवर आधी कोणाला तरी उभं करून फोकस करून घ्या, मग फोकस मॅन्युअलवर टाका म्हणजे तो हलणार नाही, अ‍ॅपर्चर एफ ५.६, शटर १/२००, ऑटो आयएसओ, आणि फ्रेममध्ये तुमच्या एकट्याची नव्हे तर दीड माणसाची जागा मोकळी सोडा, कारण तुम्ही येऊन बसलात की सगळे थोडे थोडे सरकतात.